घोटीव कागदाच्या चंद्रकळा

आक्का, तुझं सुतक आम्हाला तीनच दिवस लागलं.

एकोणीस वर्षं तू या शहापुरातल्या घरात राहिलीस, माझ्या लग्नाच्याही आधीपासनं. माझी तिन्ही पोरं तुझ्या मांडीवर वाढली. मागावर तुटलेला धागा सांधायला तुझ्याशिवाय कुणाची बोटं चालली नाहीत. आणि भटजी उंबऱ्यावरनंच म्हणाले, "लग्न झालेली बहीण. दुसऱ्या घरची. भावाला तीन रात्री पुरे." तुझ्या भावानं मान हलवली. चौथ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. आणि तिकडं संकेश्वरात, तुझ्या सासरी, ज्या घरानं सतराव्या वर्षी कपाळ पुसून तुला एका गाठोड्यासकट गाडीत बसवून दिलं, त्या घरानं पुरते दहा दिवस सुतक पाळलं म्हणे. त्यातल्या एकालाही तुझा चेहरा आठवत नसेल. मला शिसारी आली, आक्का, आणि ती अजून जात नाही.

तुला मी कधी अहोजाहो केलं नाही. नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू चुलीपाशी दटावलंस, "तुमी काय, जी काय! सासू हाय व्हय मी तुजी? नवऱ्याची बहीण हाय. सरळ तू म्हण." तेव्हापासनं तू. आता रागावून बोलायचं तरी तूच.

कारण मी सांगून टाकलंय. बारा वर्षं आपण दोघींनी झाकून ठेवलेलं मी पाचव्या दिवशी पाच बायकांच्या तोंडावर सांगून टाकलं. कसं झालं ते पहिल्यापासनं सांगते. नाहीतर तू म्हणशील, ही बया गोष्ट नेहमी शेपटीकडनं सांगती.

सुरुवात गोऱ्यांच्या कॅम्पातल्या त्या कार्डानं झाली. तुझा भाऊ एका साहेबाच्या बंगल्यावर कापड पोचवायला गेला होता. तिथं नाताळच्या मेजवानीची आमंत्रणं दोरीवर टांगलेली, त्यातलं एक मडमेनं पोरांना म्हणून दिलं. उघडलं की आतनं हिरवं कागदी झाड उभं राहायचं. पोरं दोन घटका खेळली. तू मात्र दोन दिवस ते हातातनं सोडलं नाहीस. नखानं घड्या चाचपत होतीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "ह्यात काय हाय? हे आपल्यालाबी येतंय की."

संक्रांत पंधरा दिवसांवर होती. आपल्याकडं हळदीकुंकवाचं बोलावणं म्हणजे सवाष्णीनं दारोदार जायचं, कुंकू लावायचं आणि तोंडानं सांगायचं. कार्ड असं कुणी आजवर दिलं नव्हतं. तू म्हणालीस, आपण देऊ. माझा निपाणीचा दादा तंबाखूच्या वखारीत कामाला. बिडीच्या बंडलांवरची लेबलं कापताना उरलेल्या रंगीत पट्ट्या त्यानं गाठोडं बांधून पाठवल्या. काळा घोटीव कागद पेठेतनं आणला. बेगड गणपतीच्या मखरातली उरलेली, आणि जर आपल्याच मागाखालची, झाडून गोळा केलेली. एवढ्यावर तू त्या काळ्या कागदाची चंद्रकळा केलीस. संक्रांतीला नेसतात ती आपली काळी चंद्रकळा, पण तळहाताएवढी. दुकानात घडी घालून ठेवतात तश्शी, काठाला लाल पट्टी, पदराला जरीचे चार धागे. घडी उलगडली की आत पांढरा कागद, आणि त्यावर मी लिहायचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अगत्यानं यावं. वर जिचं तिचं नाव. कापणं, दुमडणं, चिकटवणं सगळं तुझं. लिहिणं तेवढं माझं, कारण मी निपाणीच्या शाळेत चौथीपर्यंत गेले होते आणि तुला अक्षर येत नव्हतं.

मीही घड्या घालायचा प्रयत्न केला होता की. तू माझ्या हातातनं कागद काढून घेतलास. "बोटं हैत का वांगी? जा, दौत आण जा."

पहिल्या वर्षी आपण येड्यासारखी मागावरचीच खळ वापरली, आठवतं? विणकराच्या घरात खळ म्हटली की एकच, सुताला लावायची. सूत सरकावं म्हणून तिच्यात तेल असतं हे रोज शिजवणाऱ्या आपल्या दोघींच्या डोक्यात आलं नाही. सकाळी बघतो तर चाळीसच्या चाळीस चंद्रकळांवर तेलाचे डाग. तू डोक्याला हात लावून बसलीस आणि मग इतकी हसलीस, इतकी हसलीस की तुझा भाऊ माग सोडून बघायला आला. मग मैद्याची खळ शिजवली, झुरळं खाऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं आणि चाळीस कार्डं पुन्हा केली. तंबाखूचा वास मात्र गेला नाही. वाटताना बायका आधी शिंकायच्या आणि मग वाहवा करायच्या.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा खोटं बोलले. गंगूकाकूच्या दारात. ती आपल्या गल्लीतली सगळ्यात थोरली सवाष्ण, तिच्या होकाराशिवाय गल्लीत पापडसुद्धा वाळत नाहीत. तिनं घडी उलगडली, परत घातली, परत उलगडली आणि विचारलं, "कुणी केलं गं हे?" मी म्हणाले, "मी." विचारसुद्धा केला नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं विधवेच्या हातचं आहे, हे त्या दारात उच्चारायची माझी छाती नव्हती. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू कात्री पुसत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ब्येस केलंस."

मग ते अंगवळणी पडलं. किती सहज पडलं, त्याची आता किळस येते. दर संक्रांतीला बायका माझ्या बोटांची दृष्ट काढायच्या. गल्लीतल्या पोरी शिकायला यायच्या आणि मी म्हणायचे, आज नको गं, डोकं दुखतंय. बारा वर्षांत माझं डोकं जेवढं दुखलं तेवढं अख्ख्या शहापुरात कुणाचं दुखलं नसेल. लढाईच्या दिवसांत घोटीव कागद मिळेनासा झाला, तर तू पोरांच्या जुन्या वह्यांची पानं सुताच्या काळ्या रंगात बुडवलीस, दोरीवर वाळवलीस आणि वाटीच्या बुडानं घोटून घोटून त्यांना चकाकी आणलीस. उजेडात धरलं की आत पाढे दिसायचे. गंगूकाकूची सून मला म्हणाली, "तुजं डोकं लई चालतंय बाई." मी लाजले. खरंच लाजले, आक्का, कौतुकानं लाजतात तशी.

आणि ते कोपऱ्याचं वर्ष! कॅम्पातल्या कुठल्या कार्डावर बघून तू एक कोपरा तिरका कापलास, आतला तांबडा कागद दिसावा म्हणून. सुरेख दिसत होतं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचं पत्र, ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, बाहेरच वाचून फाडतात आणि डोक्यावरनं पाणी घेतात, हे आपल्याला ठाऊक नव्हतं थोडंच? पण कात्रीनं नीट कापलेलं, म्हणून ते फाडल्यासारखं दोघींनाही वाटलं नाही. त्या वर्षी मला ताप होता, म्हणून वडगावची नऊ कार्डं टपालानं पाठवली. पाकिटातनं पहिल्यांदा वर आला तो कापलेला कोपरा. पौषातल्या थंडीत वडगावच्या नऊ बायकांनी नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरनं गार पाणी घेतलं आणि मग कुडकुडत घडी उलगडली, तर आत हळदीकुंकवाला या! दुसऱ्या दिवशी नऊजणी आपल्या दारात. "अक्कल हाय का न्हाय तुला?" मी तापात हात जोडून "माझंच चुकलं, माझंच चुकलं" म्हणत राहिले. तू मागच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होतीस. त्या गेल्यावर माझ्या कपाळावर पट्टी ठेवत म्हणालीस, "कौतुक तर दरसाल घेतीस. चला, एकदा शिव्याबी खाल्ल्यास माज्या नावच्या."

तू हसत होतीस म्हणून मीही हसले. पण लागलं मला ते. तिथनं आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तसंच राहिलं. मी म्हणायचे, सांगून टाकते. तू म्हणायचीस, "सांगून काय हुईल? घ्यायच्या बंद हुतील. मला कार्डं करायची हैत गं. वर्षात पंधरा दिस तरी सकाळी उठावं वाटतंय." मी म्हणायचे, मला चोरी केल्यासारखं वाटतं. त्यावर तू कात्रीचं टोक माझ्याकडं रोखून म्हणायचीस, "वाटू दे की. कौतुक फुकट मिळतंय व्हय?" खरं सांगू, यावर उत्तर मी कधी शोधलंच नाही. तू अडवतीयेस या आडोशाला मी सुखात होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी तू मागच्या सोप्यात मागापाशी बसायचीस, दार ओढून घेऊन. कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून प्यायचं पाणीसुद्धा आधीच भरून ठेवायचीस. पुढं चाळीस बायका, अत्तर, गुलाबपाणी, नाव घ्या नाव घ्या म्हणून दंगा. तिळाच्या वड्याही तूच थापलेल्या असायच्या. त्या कुणी थापल्या हे एकीनंही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर खाता आल्या नसत्या ना.

मार्गशीर्ष संपता संपता तू आजारी पडलीस. छातीत कफ, आठ दिवस ताप. तापात दोनदा विचारलंस, निपाणीचा कागद आला का. मी आलाय म्हणाले. आला नव्हता.

आणि तू गेल्याच्या पाचव्या दिवशी त्या पाचजणी आल्या. गंगूकाकू, तिची सून आणि आणखी तिघी. चहा घेतला. "सुटली बिचारी," एक म्हणाली. बाकीच्यांनी सुस्कारे टाकले. कशातनं सुटली गं? कुणी अडकवली होती तिला? माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात काकूची सून बशी खाली ठेवत म्हणाली, "तीनच दिवसांचं व्हतं न्हवं सुतक? मग संक्रांतीला काय अडचण न्हाय. कार्डं करतीस न्हवं यंदा? पोरी विचारायला लागल्यात."

"यंदा जांभळा काठ लाव," दुसरी म्हणाली.

जांभळा काठ! तुझं अंथरूण अजून अंगणात उन्हात पडलेलं होतं. मी म्हणाले, "कार्डं करणारी मेली."

"काय बोलतीस?"

"बारा वर्षं सगळी कार्डं आक्कानं केली. कापणं तिचं, घड्या तिच्या, खळ तिची. मला कात्री सरळ धरता येत न्हाय. मी नुसती आत लिवत होते."

काकूच्या सुनेनं हात पदराला पुसला. दोनदा पुसला. कार्ड तिच्या हातात नव्हतंसुद्धा, आक्का! चहाची बशी होती. पाचहीजणी उठल्या आणि जाताना कुणी "येते" म्हणालं नाही.

दोन दिवसांनी मी चुलीतली राख टाकायला गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर गेले. तिथं तुझ्या चंद्रकळा पडल्या होत्या. बारा वर्षांच्या. या बायकांनी त्या जपून ठेवल्या होत्या बघ, कुणी पेटीत, कुणी लुगड्याच्या घडीत, मला ठाऊकच नव्हतं. आता शेणात, राखेत, भाजीच्या देठांत पडल्या होत्या. फाडायलाही कुणी हात लावला नसावा, घड्या जशाच्या तशा होत्या. मी त्या एक एक करून पदरात घेतल्या. समोरच्या दारातनं दोघी बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघून थुंकले. तुला आवडलं नसतं, पण थुंकले.

तुझा भाऊ म्हणाला, "घरातलं भाईर काढायची काय गरज व्हती? आता आपल्या मागावरची, तिच्या हातच्या धाग्याची चंद्रकळा कोण नेसणार?" मी म्हणाले, "तुमच्या बहिणीचं नाव घेतलं, एवढंच केलं." त्या दिवशी तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवला.

मग काल दुपारी गंगूकाकू एकटीच आली. घरात आली नाही, पायरीवर टेकली. मला वाटलं, भांडायला आली. मीही पदर खोचून उभी राहिले. तर ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तू बोललीस कशाला गं?"

"खरं होतं म्हणून."

"खरं आमाला ठावं न्हवतं व्हय?"

मी खोचलेला पदर सोडला.

"तुजी रांगोळी बगितलीया की मी," काकू म्हणाली. "ठिपक्याला ठिपका मिळत न्हाय तुजा. तू घालणार व्हय असली घडी? पयल्याच वर्षी वळखलं मी. सुनंला ठावं, शेजारणीला ठावं, वडगावच्या बायकांस्नी ठावं. समद्यांस्नी ठावं हुतं."

"मग घेत का होता?"

"देखणी हुती म्हणून. कुणी बोललं न्हवतं तवर चालत हुतं. आता तू बोललीस. बोलल्यावर घरात ठेवायची कशी?" भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून समजावावं तसं ती मला समजावत होती. मी विचारलं, "तुमचीबी टाकली?" ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली. "टाकली. पोरी, तुला कळाय पायजे हुतं," म्हणाली आणि गेली.

मी तशीच दारात उभी राहिले. त्यांची किळस तर आलीच. चाळीस बायका सगळं ठाऊक असून तुझ्या वड्या खात होत्या, तुझ्या घड्या उलगडून बघत होत्या, आणि तू आत दार ओढून बसली होतीस. पण त्यांच्यावर नुसतं थुंकून माझं भागत नाही. बारा वर्षं मी कुणापासनं लपवलं? कुणाला भ्याले?

एक गोष्ट मी त्या दिवशी बायकांना सांगितली नाही. तुझ्या भावालाही नाही. गेल्या संक्रांतीला सगळी नावं लिहून झाली आणि एक कार्ड शिल्लक राहिलं. तू ते हातात घेऊन बसलीस. मग एकदम म्हणालीस, "ह्याच्यावर माजं नाव लिव की."

मी म्हणाले, "कशाला?"

"न्हाय येत गं बाई मी फुडं, भिऊ नगंस. पेटीत ठेवीन. माजं नाव लिवल्यालं कसं दिसतंय, एकदा बगीन."

छत्तीस वर्षांत तुझं नाव कुठल्याही कागदावर तू पाहिलेलं नव्हतंस. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हणाले, "कुणाच्या हाताला लागलं तर? लोक काय म्हणतील?" "व्हय, तेबी खरंच," तू म्हणालीस आणि कार्ड माझ्यापुढं सरकवलंस. मी त्यावर गंगूकाकूच्या नव्या नातसुनेचं नाव घातलं.

आज सकाळी दौत उघडली. कोरा कागद घेतला. तुळसा. तीन अक्षरं. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. टाक बुडवला आणि परत ठेवून दिला. आता लिहायचं ते कुणासाठी? माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून? तुझ्या हातचं बारा वर्षं स्वतःच्या नावावर मिरवणाऱ्या बाईला वर आता बरंही वाटायला पाहिजे? थू!

परवा संक्रांत आहे. आपल्या घरी कुणी येणार नाही आणि मी कुणाला बोलावलेलं नाही. ज्यांना कळेल म्हणून मी भ्याले, त्यांना पहिल्या वर्षापासनं कळलेलंच होतं. तू सगळ्या जन्मात माझ्याकडं एकदाच काही मागितलंस, आक्का, आणि मी नाही म्हणाले.